एका संख्येंत बारा उत्तरें

गोंदिया जिल्हा हा तळ्यांचा मुलूख. १९९९ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस तो भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झाला खरा. पण वैनगंगेच्या खोऱ्यांतील या दोन भावंडांनीं तळ्यांचा वारसा कांहीं वांटून घेतला नाहीं. तो दोघांच्याही घरीं सारखाच नांदतो आहे. गोंड राजांच्या अमदानींत कोहळी समाजाच्या लोकांनीं टेकड्यांमधील सखल जागा हेरल्या, मातीच्या पाळी घातल्या आणि पावसाचें पाणी अडवून धानाची शेती उभी केली. नवेगांव बांधचें विस्तीर्ण तळें हें त्या कर्तबगारीचें नांवाजलेलें उदाहरण होय. पुढें हीं तळीं मालगुजारांच्या ताब्यांत आलीं आणि १९५१ सालीं मालगुजारी संपली तेव्हां तीं सरकारकडे गेलीं. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांचीं आद्याक्षरें जोडून तिकडील लोक त्यांना आजही ‘मामा तलाव’ असें म्हणतात. आईच्या भावाशीं त्या नांवाचा कांहींएक संबंध नसला, तरी अडचणीच्या वेळीं धांवून येण्याच्या गुणांत हीं तळीं मामाला उणीं नाहींत.

अशा मुलखांत दरवर्षीं एक प्रश्न पुन्हां पुन्हां विचारला जातो. कोणत्या तळ्यांत किती पाणी सांठलें? पाऊस मध्येंच ओढ देतो तेव्हां उभें धान जगेल कीं नाहीं, पुढें उन्हाळी धान लावावें कीं न लावावें, गुरांना वैशाखांत पाणी पुरेल कीं नाहीं, हें सारें त्या उत्तरावर अवलंबून असतें. महाराष्ट्रांत इतरत्र जवळजवळ दिसेनासा झालेला सारस पक्षी या जिल्ह्यांत अद्याप टिकून आहे, तोही याच तळ्यांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आधारानें. पूर्वीं या प्रश्नाचें उत्तर पाळीवर उभें राहून मिळत असे. एका गांवाला तें पुरेसेंही होतें. परंतु आठ तालुक्यांतील लहानमोठ्या साऱ्या तळ्यांची हकीकत एकाच आठवड्यांत हवी असेल, तर पाळीवर उभा राहणारा मनुष्य किती पाळींवर पोहोंचणार? येथें आकाशांतील पाहणाऱ्याची मदत घ्यावी लागते.

असा पाहणारा म्हणजे पृथ्वीभोंवतीं फिरणारा कृत्रिम उपग्रह. अमेरिकेचा ‘लँडसॅट ८’ हा उपग्रह २०१३ सालीं आणि ‘लँडसॅट ९’ हा २०२१ सालीं आकाशांत सोडला गेला. सुमारें सातशें पांच किलोमीटर उंचीवरून ते पृथ्वीचीं चित्रें घेतात. प्रत्येक उपग्रह सोळा दिवसांनीं त्याच जागेवर परत येतो. दोघांच्या पाळ्या अशा लावलेल्या आहेत कीं, आठ दिवसांनीं त्यांपैकीं एक तरी डोक्यावरून जावा. या मालिकेंतील चित्रें २००८ सालापासून कोणालाही विनामूल्य मिळूं लागलीं. त्यामुळें गोंदियाच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यालाही तीं घरबसल्या पाहतां येतात. चित्र असंख्य बारीक चौकोनांचें बनलेलें असतें. एकेक चौकोन जमिनीवरील तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद तुकडा दाखवितो. या मापानें सबंध गोंदिया जिल्ह्याचे सुमारें अठ्ठावन लाख चौकोन होतात.

आतां या चित्रांबरोबर आणखी एक पत्रक येतें. त्यांत रंग नसतो, रूप नसतें. प्रत्येक चौकोनासाठीं केवळ एक पूर्णांक लिहिलेला असतो. उपग्रहानें जें पाहिलें तें कितपत विश्वासार्ह आहे, तेथें ढग होता कीं सावली होती, जमीन होती कीं पाणी होतें, याचा निवाडा त्या पूर्णांकांत केलेला असतो. एखाद्या तळ्याच्या मध्यावरील चौकोनांत २१९५२ ही संख्या आढळते. शेजारच्या कोरड्या शेताच्या जागीं २१८२४ असते. जिकडे ढग आला आहे तिकडे २२२८०, आणि त्या ढगाची सावली पडलेल्या जागीं २३८८८ ही संख्या दिसते.

नवशिक्या माणसाची पहिली समजूत अशी होते कीं, या संख्या म्हणजे कसलें तरी मोजमाप असावें. संख्या जितकी मोठी तितकें पाणी अधिक. परंतु वरील चार संख्या चढत्या क्रमानें मांडल्या म्हणजे ती समजूत तेथेंच कोसळते. कोरडी जमीन सर्वांत खालीं, तिच्यावर पाणी, त्यावर ढग आणि सर्वांत वर ढगाची सावली, असा तो क्रम लागतो. त्यांत कमीअधिकपणाचा कांहीं अर्थ नाहीं. कारण ती संख्या ही संख्या नव्हेच. ती एका ओळींत दाटीनें बसविलेलीं बारा निरनिराळीं उत्तरें आहेत. त्यांतील हवें तें उत्तर नेमकें बाहेर कसें काढावें, हाच येथें विचाराचा विषय आहे.

ही कल्पना दिसते तितकी परकी नाहीं. टपालाच्या पत्त्यांत लिहावयाचा सहा आंकडी पिनकोड सर्वांच्या परिचयाचा आहे. १९७२ सालीं तो भारतांत सुरू झाला. गोंदिया शहराचा पिनकोड ४४१६०१. चार लाख एकेचाळीस हजार सहाशें एक असें तो कोणी वाचीत नाहीं, आणि मुंबईच्या पिनकोडापेक्षां तो मोठा आहे म्हणून गोंदियाला कोणी मोठें मानीत नाहीं. त्यांतील पहिला आंकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन आंकडे मिळून टपाल वेगळें करण्याचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन आंकडे टपाल वांटणारें कार्यालय दाखवितात. म्हणजे एका संख्येंत तीन गोष्टी आहेत. समजा, यांतील दुसरा आणि तिसरा आंकडा तेवढा, म्हणजे ४१ हा भाग, गणितानें वेगळा काढावयाचा आहे. त्याला दोन कृती लागतात. प्रथम संख्येला हजारानें भागावें आणि बाकी टाकून द्यावी. म्हणजे उजवीकडील तीन आंकडे गळून ४४१ उरतात. मग त्या ४४१ ला शंभरानें भागून भागाकार टाकावा आणि बाकी ठेवावी. म्हणजे डावीकडील आंकडा गळून ४१ उरतात. उजवीकडचें नको असलेलें आधीं गाळावें, डावीकडचें नको असलेलें मग गाळावें, आणि मधला हवा तो भाग हातीं घ्यावा, इतकेंच त्यांतलें तत्त्व.

गणकयंत्रांत हेंच तत्त्व चालतें. फरक एवढाच कीं, यंत्र दशमान पद्धतीनें न लिहितां द्विमान पद्धतीनें लिहितें. द्विमान पद्धति समजण्यास धान्याच्या दुकानांतील तराजू डोळ्यांपुढें आणावा. दुकानदाराजवळ १, २, ४, ८, १६, ३२ अशीं, प्रत्येक मागच्याच्या दुप्पट, सोळा वजनें आहेत असें समजावें; शेवटचें वजन ३२७६८ चें. कोणतीही संख्या तोलावयाची झाल्यास प्रत्येक वजनाविषयीं एकच निर्णय घ्यावा लागतो. तें पारड्यांत टाकावयाचें कीं नाहीं? टाकलें तर १ लिहावा, न टाकलें तर ० लिहावें. अशा एका निर्णयाच्या जागेला ‘बिट’ म्हणतात. हा शब्द क्लॉड शॅनन यांच्या १९४८ सालच्या प्रसिद्ध निबंधांतून रूढ झाला, आणि तो सुचविण्याचें श्रेय त्यांनीं जॉन ट्यूकी यांना दिलें आहे.

तळ्याची संख्या २१९५२ ही तोलून पाहावी. पारड्यांत १६३८४, ४०९६, १०२४, २५६, १२८ आणि ६४ हीं सहा वजनें पडतात. बाकीचीं दहा बाहेर राहतात. मोठ्या वजनापासून आरंभ करून लिहिलें म्हणजे ०१०१ ०१०१ ११०० ०००० अशी ओळ तयार होते. वाचकानें कागद-पेन्सिल घेऊन ही बेरीज एकदां करून पाहावी. पुढील सर्व विवेचन या एका ओळीवर उभें आहे.

या सोळा जागांना उजवीकडून क्रमांक दिलेले आहेत, आणि मोजणी एकापासून नव्हे तर शून्यापासून होते. अगदीं उजवीकडची जागा शून्याची, अगदीं डावीकडची पंधराव्या क्रमांकाची. प्रत्येक जागेला पत्रककारांनीं काम नेमून दिलें आहे. शून्याच्या जागीं १ असेल तर तो चौकोन चित्राबाहेरचा, रिकामा. पहिल्या जागीं ढगाच्या कडेचा पट्टा, दुसऱ्या जागीं अति उंचावरील विरळ ढग, तिसऱ्या जागीं ढग, चौथ्या जागीं ढगाची सावली, पांचव्या जागीं बर्फ, सहाव्या जागीं निरभ्रता आणि सातव्या जागीं पाणी. या आठ जागा एकेरी आहेत; त्या केवळ ‘होय’ किंवा ‘नाहीं’ सांगतात. पुढील आठ जागा मात्र जोडीजोडीनें वाचावयाच्या असतात. आठवी व नववी मिळून ढगाविषयींची खात्री, दहावी व अकरावी मिळून सावलीविषयींची, बारावी व तेरावी मिळून बर्फाविषयींची, आणि चौदावी व पंधरावी मिळून विरळ ढगाविषयींची. जोडींत चार उत्तरें मावतात. ० म्हणजे निर्णय नाहीं, १ म्हणजे शक्यता थोडी, २ म्हणजे मध्यम आणि ३ म्हणजे दाट. ढग सोडून इतर तीन जोड्यांत मध्यम हें उत्तर वापरीत नाहींत. आठ एकेरी आणि चार जोड्या, मिळून बारा उत्तरें.

आतां हवा तो भाग बाहेर काढण्याची रीत पाहावी. पिनकोडांत हजारानें भागून तीन आंकडे गाळले; द्विमान संख्येंत सात जागा गाळावयाच्या तर दोनाचा सातवा घात, म्हणजे १२८, यानें भागावें लागेल. परंतु यंत्राला भागाकार करावा लागत नाहीं. तें सगळी ओळच सात घरें उजवीकडे सरकवितें, आणि कडेला आलेले आंकडे गळून पडतात. ‘सी’, ‘पायथॉन’ इत्यादि संगणकीय भाषांत या सरकविण्याला >> असें चिन्ह आहे. दुसरी कृती गाळण्याची. तिला प्रोग्रॅम लिहिणारे लोक ‘मास्क’ लावणें म्हणतात. मास्क ही एक गाळणी आहे. हव्या त्या जागीं १ आणि नको त्या जागीं ० असलेली दुसरी ओळ मूळ ओळीखालीं मांडावयाची, आणि वरखालीं दोन्हीकडे १ असेल तेथेंच उत्तरांत १ ठेवावयाचा. या कृतीचें चिन्ह & हें आहे. एक जागा ठेवावयाची तर गाळणी १. दोन ठेवावयाच्या तर ३. तीन ठेवावयाच्या तर ७. जितक्या जागा हव्या तितका दोनाचा घात घेऊन त्यांतून एक वजा केला कीं गाळणी तयार होते.

म्हणजे तळ्याच्या चौकोनांत पाणी आहे काय, हें विचारण्याची रीत अशी:

(२१९५२ >> ७) & १

सात घरें सरकवून १७१ उरतात; त्यांतील अगदीं उजवीकडची जागा ठेवली कीं उत्तर १. पाणी आहे. त्याच चौकोनांत ढग असण्याची शक्यता किती, हें विचारावयाचें तर आठव्या जागेपासून दोन जागा हव्यात:

(२१९५२ >> ८) & ३

आठ घरें सरकवून ८५ उरतात, आणि गाळणींतून १ बाहेर येतो. शक्यता थोडी. ढगाच्या संख्येला, म्हणजे २२२८० ला, हाच प्रश्न विचारला तर सरकविल्यावर ८७ उरतात आणि उत्तर ३ येतें. शक्यता दाट. तिलाच पाण्याचा प्रश्न विचारला तर सात घरें सरकवून १७४ उरतात आणि उत्तर शून्य येतें. जी संख्या समग्र पाहतां निरर्थक वाटत होती, ती अशा रीतीनें एकेका प्रश्नाचें सरळ उत्तर देऊं लागते.

या सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे कोठून आरंभ करावयाचा ही. ज्यांनीं शाळेंत वृत्तांचीं लक्षणें पाठ केलीं आहेत त्यांना हें सहज पटेल. कवितेच्या चरणांत लघु आणि गुरु अशीं दोनच प्रकारचीं अक्षरें. तीन तीन अक्षरांचा एक गण. आणि तीन जागांत दोन पर्याय म्हणून गण आठ. ही द्विमान पद्धतीचीच मांडणी झाली. किंबहुना छंदःशास्त्रकार पिंगलानें लघु-गुरूंच्या अशा सर्व रचना क्रमवार मांडण्याची रीत फार पूर्वींच सांगून ठेविली आहे. भुजंगप्रयात वृत्ताच्या चरणांत चार यगण असतात, म्हणजे लघु, गुरु, गुरु ही त्रयी चार वेळां येते. आतां एखाद्यानें चुकून पहिलें अक्षर सोडून दुसऱ्यापासून गण पाडण्यास आरंभ केला तर काय होईल? त्याच्या हातीं गुरु, गुरु, लघु ही त्रयी येईल, आणि तो खुशाल सांगेल कीं, हा तगण आहे. अक्षर एकही बदललेलें नाहीं, कवीचा दोष नाहीं. केवळ आरंभ एका घरानें चुकला आणि ‘य’ चा ‘त’ झाला.

तळ्यांच्या बाबतींत हीच चूक काय करील तें पाहण्यासारखें आहे. ढगाची जोडी आठव्या जागेपासून सुरू होते. जागा शून्यापासून मोजावयाच्या हें विसरून कोणी ती एका घरानें अलीकडे, म्हणजे सातव्या जागेपासून वाचली असें समजावें. सातवी जागा पाण्याची. तळ्याच्या २१९५२ या संख्येंत सातव्या जागीं १ आहे आणि आठव्या जागींही १ आहे. दोन्ही मिळून उत्तर ३, म्हणजे ‘ढगाची शक्यता दाट’. प्रोग्रॅम तो चौकोन ढगाळ समजून फेंकून देईल. उलट खऱ्या ढगाच्या २२२८० या संख्येंत सातव्या जागीं ०, आठव्या जागीं १. उत्तर २, म्हणजे ‘मध्यम’. दाट ढग तेवढे वगळावे असा नियम असेल तर हा ढग आंत राहील. कोरड्या जमिनीचें उत्तरही २ येतें. परिणाम असा कीं, जिल्ह्यांतील निरभ्र आकाशाखालचें सारें पाणी ढग म्हणून बाहेर जाईल आणि खरे ढग जमिनीच्या पंक्तीस बसतील. प्रोग्रॅम मध्येंच थांबणार नाहीं, तक्रार करणार नाहीं. शेवटीं एक सुबक नकाशा तयार होईल, आणि त्यांत तळ्यांच्या जिल्ह्यांत एकही तळें नसेल.

इतकी ढोबळ चूक निदान डोळ्यांत भरते. त्याहून घातक ती चूक, जी अर्धवट बरोबर दिसते. सहाव्या जागेचें नांव ‘निरभ्र’ असें आहे. तेवढी जागा पाहिली कीं झालें, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु ढगाच्या सावलीची संख्या २३८८८ ही तोलून पाहिली तर पारड्यांत १६३८४, ४०९६, २०४८, १०२४, २५६, ६४ आणि १६ हीं वजनें पडतात. त्यांत ६४ आहे, म्हणजे सहावी जागा ‘निरभ्र’ असेंच म्हणते! हें खोटें नव्हे. त्या चौकोनावर ढग नाहीं, ढगाची कडही नाहीं, एवढाच त्या जागेचा अर्थ आहे. सावली आहे कीं नाहीं हें तिला विचारलेलेंच नाहीं. तें चौथ्या जागेला आणि दहाव्या-अकराव्या जोडीला विचारावें लागतें. तसें विचारलें कीं (२३८८८ >> १०) & ३ याचें उत्तर ३ येतें आणि सावली उघडी पडते.

ही खबरदारी गोंदियाला विशेष लागू आहे. उपग्रहाच्या चित्रांत खोल पाणी काळसर दिसतें आणि सावलीही काळसर दिसते. जो केवळ काळेपणावरून पाणी ओळखूं जाईल आणि ‘निरभ्र’ या एका शब्दावर विसंबेल, त्याला जंगलाच्या कडेला पडलेली ढगाची सावली भरलेल्या तळ्यासारखी भासेल. मग कागदावर पाणी वाढेल, तळ्यांत तें नसेल. आणि कागदावर विश्वासून कोणी उन्हाळी धानाचा बेत केला, तर त्याचें बियाणें व श्रम मातींत जातील.

आणखी दोन बारीकसारीक गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. पहिली गाळणीविषयीं. सर्वांत वरची जोडी काढतांना डावीकडे कांहीं उरतच नाहीं, मग गाळणी कशाला लावावी, असें वाटतें. उंचावरील विरळ ढगाची संख्या ५४५९६ आहे. चौदा घरें सरकविलीं कीं ३ उरतात, हें खरें. परंतु सोळा जागांतील सर्वांत वरची जागा ऋणचिन्हासाठीं राखून ठेवण्याचीही एक पद्धत आहे, आणि पत्रक चुकून त्या पद्धतीनें वाचलें गेलें तर हीच संख्या उणे १०९४० अशी दिसते. ऋण संख्या उजवीकडे सरकवितांना डावीकडून शून्यांऐवजीं एक भरले जाण्याची रीत आहे. त्यामुळें चौदा घरें सरकविल्यावर उणे १ उरतो. त्याला ३ ची गाळणी लावली तर उत्तर पुन्हां बरोबर ३ येतें. न लावली तर उणे १ हेंच उत्तर म्हणून पुढें जातें. म्हणून गाळणी अनावश्यक वाटली तरी ती लावण्याची संवय ठेवावी.

दुसरी गोष्ट कंसाविषयीं. ‘सी’ भाषेंत दोन बाजू समान आहेत काय हें तपासण्याची क्रिया गाळणीच्या आधीं केली जाते. त्यामुळें कंस न घालतां ‘संख्या सरकवून ३ ची गाळणी लाव, आणि उत्तर १ आहे काय तें पाहा’ असें लिहिलें, तर यंत्र आधीं ३ हे १ बरोबर आहेत काय हें तपासतें, ‘नाहीं’ असें ठरवितें, आणि त्या शून्याची गाळणी लावून प्रत्येक वेळीं शून्यच हातीं देतें. ‘पायथॉन’ भाषेंत हा क्रम उलट आहे आणि तेंच वाक्य बरोबर चालतें. एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत गेलेल्या माणसानें कंस घालण्याचा आळस करूं नये, हें उत्तम.

येथें कोणी विचारील कीं, इतका खटाटोप कशाला? बारा उत्तरांचीं बारा स्वतंत्र पत्रकें कां देऊं नयेत? याचें उत्तर आकारमानांत आहे. उपग्रहाच्या एका पूर्ण चित्रांत पांच कोटींहून अधिक चौकोन असतात, आणि अशीं चित्रें जगभरांतून रोज शेंकड्यांनीं येतात. बारा पत्रकांच्या जागीं एक पत्रक ठेवलें तर सांठवण वांचते, पाठविण्याचा वेळ वांचतो, आणि एका चौकोनाचीं सर्व उत्तरें नेहमीं एकत्र राहतात. प्रवासाला निघालेल्या गृहिणीनें बारा डब्यांऐवजीं एकाच कप्प्याकप्प्यांच्या डब्यांत सारा मसाला भरावा, तसलाच हा प्रकार. मात्र हळदीचा कप्पा कोणता आणि तिखटाचा कोणता हें ठाऊक नसेल, तर तोच सोयीचा डबा स्वयंपाक बिघडवूं शकतो.

शेवटीं या उत्तरांची मर्यादाही ध्यानांत घेतली पाहिजे. बिट अचूक काढला म्हणजे सत्य हातीं आलें असें नव्हे. ज्या रीतीनें तो बिट भरला तिचा निवाडा तेवढा हातीं आला. ढग व सावली ओळखण्याची ही रीत मुळांत बोस्टन विद्यापीठांतील झे झू आणि कर्टिस वुडकॉक या संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केली, आणि पुढें तिचें ‘सी’ भाषेंतील रूप या पत्रकांसाठीं वापरांत आलें. ती चांगली आहे, पण निर्दोष नाहीं. कमळानें व पाणवनस्पतींनीं झांकलेलें तळें तिला जमीन वाटूं शकतें. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर पाण्यानें भरलेली धानाची बांधी तिला तळें वाटूं शकते. शेतांतील लहान बोडी दोनतीन चौकोनांत मावते, आणि त्या चौकोनांत अर्धें पाणी व अर्धी पाळ असते. तेथें ‘होय’ आणि ‘नाहीं’ यांपैकीं कोणतेंही उत्तर अर्धेंच खरें. शिवाय आषाढ-श्रावणांत आकाश इतकें भरलेलें असतें कीं, कित्येक आठवडे ढगाचा बिटच काय तो खरें बोलतो. ढगांतून आरपार पाहणारे रडारचे उपग्रह त्या काळीं उपयोगी पडतात. या पत्रकाचा खरा हंगाम म्हणजे पाऊस उघडल्यानंतरचा. आश्विन-कार्तिकांत आकाश स्वच्छ होतें, तळीं भरलेलीं असतात, आणि त्या वेळचा पाण्याचा विस्तार चैत्रांतील विस्ताराशीं ताडून पाहिला तर कोणतें तळें पाणी धरून ठेवतें आणि कोणतें गाळानें भरून लवकर आटतें, हें सांपडूं लागतें.

हिशेब साधा आहे. तळ्याच्या हद्दींत पाण्याचा बिट १ असलेले आणि ढग, कड व सावली यांतून मोकळे असलेले चौकोन मोजावे. प्रत्येक चौकोन नऊशें चौरस मीटरांचा. हजार चौकोन भरले तर पाण्याचा पसारा नव्वद हेक्टरांचा झाला. पसारा म्हणजे खोली नव्हे, हें अर्थात् विसरतां कामा नये. खोली मोजण्यास तळ्यांतच उतरावें लागतें. म्हणून आकाशांतील पाहणारा पाळीवरच्या माणसाची जागा घेत नाहीं. आधीं कोणत्या पाळीवर जाऊन पाहावें, एवढें तो सुचवितो.

सोळा जागांची एक लहानशी ओळ, तिच्यांत सरकविणें आणि गाळणें या दोन कृती, याहून या विद्येंत अधिक कांहीं नाहीं. शाळकरी मुलालाही ती कागदावर करतां येईल. परंतु त्या ओळींतील एक घर चुकलें तर भरलेलें तळें नाहींसें होतें, आणि एक प्रश्न विचारावयाचा राहिला तर सावलीचें तळें होतें. कोहळ्यांनीं पाळ घालतांना पाणी कोणत्या बाजूनें येईल आणि जादा झालेलें कोठून बाहेर पडेल, हें नीट पाहून मगच माती टाकली असली पाहिजे. एरव्हीं तीं तळीं इतकीं टिकतीं ना. त्याच तळ्यांचा हिशेब आज संख्यांतून करणाऱ्यानें संख्येच्या पोटांत हात घालण्यापूर्वीं कोणता कप्पा कोठें आहे हें तितक्याच सावधपणें पाहावें, एवढीच अपेक्षा आहे.